सममित हार्मोनिक मॅप कसे काढायचे आणि त्यांची ऊर्जा खरंच सर्वांत कमी आहे का, हे कसं तपासायचं

सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या कॉलेजांत एमएस्सी गणिताच्या शेवटच्या वर्षाला कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्समधला प्रोजेक्ट घेणारे बरेच जण साबणाच्या फुग्यावर किंवा ब्रॅकिस्टोक्रोनवर (सर्वांत लवकर खाली घसरण्याची वाट) थांबतात. हार्मोनिक मॅप त्यापेक्षा एकच पायरी वर आहेत, पण संशोधनाच्या फार जवळ. ऑयलर–लाग्रांज समीकरण, दुसऱ्या ऑर्डरची साधी डिफरन्शियल समीकरणं आणि थोडं पायथन येत असेल तर खालचं सगळं काम साध्या लॅपटॉपवर होतं. पहिली चार कामं काही सेकंदांची आहेत, शेवटच्याला थोडा वेळ लागतो.

एक गोष्ट आधीच पक्की करून ठेवा, कारण प्रोजेक्ट बहुतेक वेळा इथेच घसरतात. सममिती गृहीत धरली की अवघड समीकरण सोपं होतं. पण त्यातून मिळालेलं उत्तर सर्वांत कमी ऊर्जेचं आहे, हे सममितीमुळे सिद्ध होत नाही. ते वेगळं दाखवावं लागतं, आणि अनेकदा ते खोटं निघतं.

अक्षरं आणि प्रश्नाची मांडणी

केंद्रापासूनचं अंतर र, डायमेंशन न, मॅप म. म हा चकतीतल्या किंवा गोळ्यातल्या प्रत्येक बिंदूला एकक लांबीचा एक बाण देतो, म्हणजे |म| = १. सीमेवरचे बाण ठरलेले आहेत, आतले आपण निवडायचे. किंमत मोजायची ती अशी:

ऊ = ½ ∫ |∇म|²

|म| = १ ही अट सांभाळून ऑयलर–लाग्रांज लावलं की Δम + |∇म|² म = ० मिळतं. हे समीकरण पाळणारा म म्हणजे हार्मोनिक मॅप. दुसरं पद कुठून आलं हे पाठ करू नका, काढून बघा: |म|² = १ चे दोनदा डेरिव्हेटिव्ह घेतले की म·Δम = −|∇म|² येतं, आणि लाग्रांज मल्टिप्लायर तोच निघतो. ईल्स आणि सॅम्पसन यांच्या १९६४ च्या पेपरपासून हा विषय पद्धतशीर उभा राहिला. एलसीडीतल्या नेमॅटिक द्रवस्फटिकाचं सर्वांत साधं गणितही हेच आहे, फक्त तिथे बाणाला टोक नसतं.

सूत्रातल्या ½ बद्दल पहिल्याच पानावर लिहून ठेवा. काही लेखक तो घेतात, काही घेत नाहीत. एका पेपरात ८π आणि दुसऱ्यात ४π दिसलं की मुलं दोन दिवस चूक शोधत बसतात आणि चूक कुठेच नसते. इथे सगळीकडे ½ धरला आहे.

पहिलं काम: चकती

एकक त्रिज्येची चकती घ्या आणि बाण गोलाच्या पृष्ठभागावर ठेवा. उत्तर ध्रुवापासून बाण किती कलला तो कोन फ, आणि तो फक्त र वर अवलंबून. चकतीवर एक फेरी मारली की बाण ध्रुवाभोवती क फेऱ्या मारतो. हे गृहीत ऊर्जेत घातलं की

ऊ = π ∫ (फ′² + क² साइन²फ / र²) र डर

आता ऑयलर–लाग्रांज लावण्याआधी वर्ग पूर्ण करा. कंसातली बेरीज म्हणजे (फ′ − क साइन फ / र)² अधिक २क फ′ साइन फ / र. दुसऱ्या पदाला र ने गुणलं की त्याचा इंटिग्रल थेट निघतो, कारण तो २क(−कॉस फ) चा डेरिव्हेटिव्ह आहे. फ(०) = ० धरलं तर ऊ कधीही २πक(१ − कॉस फ(१)) पेक्षा कमी होऊ शकत नाही. बरोबरी हवी असेल तर फ′ = क साइन फ / र, म्हणजे फ = २ आर्कटॅन((λर)^क), λ कोणताही धन आकडा. सीमेवर फ(१) = π/२ असेल तर λ = १ आणि ऊर्जा २πक. क = १ ला हे अर्ध्या गोलाचं क्षेत्रफळच आहे, आणि तसंच यायला हवं, कारण कोन राखणाऱ्या मॅपची ऊर्जा आणि त्याने झाकलेलं क्षेत्रफळ सारखं असतं.

आता मुद्दाम बिघडवून बघा. फ(०) = ० आणि फ(१) = π ठेवा. वरच्या सूत्रानुसार खालची मर्यादा ४πक, पण त्या मर्यादेला पोचायचं तर λ अनंत लागतो. म्हणजे लघुतम (सर्वांत कमी ऊर्जेचा) मॅप अस्तित्वातच नाही. लमेर यांचं प्रमेय तर आणखी पुढे जातं: चकतीच्या कडेवर अचल असलेला हार्मोनिक मॅप आतही अचलच असतो. संगणकाला मात्र हे माहीत नसतं. जाळीवर ग्रेडियंट डिसेंट (ऊर्जा घटेल त्या दिशेने छोट्या पायऱ्या) चालवलं की तो थांबतो, छान गुळगुळीत आलेख देतो आणि क = १ ला ऊर्जा १२.५७ च्या जवळ दाखवतो. ओळखायचं कसं? फ = π/२ कोणत्या र ला होतं ते नोंदवा आणि जाळी बारीक करत जा. खरं उत्तर असेल तर ती जागा एका आकड्यावर स्थिरावते. इथे ती केंद्राकडे सरकतच राहते. ऊर्जा एका बिंदूत गोळा होण्याच्या या प्रकाराला बबलिंग म्हणतात. १९८१ मध्ये सॅक्स आणि उलनबेक यांनी ते उलगडलं, आणि कॅरेन उलनबेक यांना २०१९ मध्ये आबेल पारितोषिक मिळालं त्यामागे हेही काम होतं.

दुसरं काम: गोळा, आणि एकाच वक्रात सगळी उत्तरं

आता न डायमेंशनचा गोळा, आणि बाण न+१ डायमेंशनमधल्या एकक गोलावर. म = (साइन फ · दिशा, कॉस फ), जिथे क्ष हा गोळ्यातला बिंदू आणि दिशा म्हणजे क्ष/|क्ष|. समीकरण येतं:

फ″ + (न−१)फ′/र − (न−१) साइन फ कॉस फ / र² = ०

हे असंच र मध्ये सोडवायला घेऊ नका. र = ० ला भागाकार फुटतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे या समीकरणाची खरी रचना लपून राहते. ट = लॉग र घ्या आणि फ च्या ट प्रमाणे बदलदराला प म्हणा. मग दोन साधी समीकरणं उरतात:

फ चा बदलदर = प
प चा बदलदर = −(न−२)प + (न−१) साइन फ कॉस फ

ट आता कुठेच सुटा दिसत नाही. घर्षण असलेल्या लंबकाचं हे समीकरण आहे, (न−२) हे घर्षण. फ = ० ही वरची डळमळीत जागा, फ = π/२ ही खालची. ट सुटा नसल्यामुळे एक उत्तर मिळालं की ते डावी-उजवीकडे सरकवून सगळी मिळतात. र मध्ये याचा अर्थ फ(र) उत्तर असेल तर फ(λर) पण उत्तर. त्यामुळे शूटिंग पद्धत लावून सुरुवातीचा उतार शोधत बसायची गरज नाही. एकदाच सोडवा, सीमेवर हवा तो कोन वक्रावर जिथे येतो तिथे र = १ ची खूण करा.

सुरुवात ट = −१० ला करा. केंद्राजवळ फ ≈ र − (न−१)र³/(३(न+२)), आणि र = ४.५४ × १०^(−५) असताना दुसरं पद विसरण्याइतकं लहान आहे. म्हणून फ आणि प दोन्ही ४.५४ × १०^(−५). सायपायमधलं सॉल्व्ह-आयव्हीपी वापरणार असाल तर सापेक्ष टॉलरन्स १०^(−१०) आणि निरपेक्ष १०^(−१२) स्पष्ट लिहा. न लिहिल्यास ते १०^(−३) आणि १०^(−६) धरतं, आणि त्यात पुढे दिसणारी नाजूक गोष्ट हरवते. फ − π/२ शून्य होतं तिथे इव्हेंट लावून ठेवा.

सीमेकडून केंद्राकडे उलटं सोडवायचा मोह होतो, तो टाळा. केंद्राजवळ दोन प्रकारची उत्तरं असतात, र सारखं आणि र^(−(न−१)) सारखं. पुढे जाताना दुसरं विरून जातं. मागे येताना शेवटच्या दशांशातली चूक त्याच्यावर स्वार होते आणि आलेख केंद्रापाशी उधळतो.

प्रोग्राम बरोबर आहे का याची खूण: न = ३ ला फ = १ असताना प = ०.७४० यायला हवा, आणि फ पहिल्यांदा π/२ ओलांडतो तेव्हा प साधारण ०.५६६. तिथून पुढे फ सुमारे १.८ रेडियनपर्यंत जाऊन परत वळतो.

तिसरं काम: ऊर्जा दोन वाटांनी

ऊर्जा इंटिग्रलने काढाच, पण त्यावर थांबू नका. या समीकरणात एक ओळखीची सोय दडलेली आहे. ह = ½प² − ½(न−१) साइन²फ असं घ्या. घर्षणामुळे ह चा बदलदर −(न−२)प² आहे. आता e च्या (न−२)ट व्या घाताने ह ला गुणून डेरिव्हेटिव्ह घ्या: उजवीकडे नेमकी ऊर्जेची घनताच येते, −(न−२) ने गुणलेली. दोन्हीकडे इंटिग्रल घेतला की आतलं सगळं नाहीसं होऊन फक्त सीमा उरते:

ऊ = (Ω/(न−२)) · ½[(न−१) साइन²फ(१) − प(१)²]

Ω म्हणजे एकक गोलाच्या पृष्ठभागाचं माप, न = ३ ला ४π. हे पोहोझाएव्ह प्रकारचं सूत्र आहे. न = ३ आणि फ(१) = π/२ ला ते इतकं लहान होतं:

ऊ = ४π − २π·प(१)²

या एका ओळीत बरंच काही आहे. फ सगळीकडे π/२ ठेवला, म्हणजे म = (क्ष/|क्ष|, ०), की त्याला इक्वेटर मॅप म्हणतात. तो केंद्रात तुटलेला आहे, पण त्याची ऊर्जा मर्यादित आहे: प = ० म्हणून ४π = १२.५७. गुळगुळीत उत्तर पहिल्या छेदापाशी (फ पहिल्यांदा π/२ ओलांडतो तिथे) कापलं तर ४π − २π(०.५६६)², म्हणजे साधारण १०.५५. दुसऱ्या छेदापाशी कापलं तर प बराच लहान असतो आणि ऊर्जा १२.४ च्या आसपास. तिसऱ्या, चौथ्या छेदांची ऊर्जा ४π ला खालून चिकटत जाते. एकाच सीमेसाठी अशी अनंत उत्तरं आहेत, आणि सगळी समीकरण तंतोतंत पाळतात. यांपैकी सर्वांत स्वस्त पहिलं.

इंटिग्रलने काढलेली ऊर्जा आणि या सूत्राची ऊर्जा सहा दशांशांपर्यंत जुळायला हवी. जुळली नाही तर बहुतेक वेळा दोनपैकी एक झालेलं असतं: इंटिग्रलमधलं e चं (न−२)ट वजन राहिलं, किंवा छेदाची जागा इव्हेंटऐवजी आलेखावरून वाचली.

सीमेवरचा कोन π/२ पेक्षा मोठा दिला असेल तर फ(०) = ० धरून हटून बसू नका. दक्षिण ध्रुवाकडून सुरुवात करा, फ(०) = π. नेमका π/२ असेल तेव्हा उत्तर ध्रुवाचं आणि दक्षिण ध्रुवाचं अशी आरशातली दोन लघुतम उत्तरं मिळतात. सीमा वर-खाली सममित, पण उत्तर तसं नाही.

चौथं काम: इक्वेटर मॅप कधी टिकतो

क्रिटिकल असणं (म्हणजे नुसतं समीकरण पाळणं) आणि लघुतम असणं यातला फरक आपल्याकडच्या माणसाला खंबाटकी घाटाने चटकन समजतो. घाटाचा माथा रस्त्याने जाणाऱ्याला सर्वांत उंच लागतो, पण डोंगराच्या कण्यावरून चालणाऱ्याला तीच जागा सर्वांत खोल. दोघांनाही तिथे उतार शून्य दिसतो. इक्वेटर मॅप तसा माथा आहे की खरा तळ, हे ठरवायला दुसरं व्हेरिएशन काढायचं. फ = π/२ + ग घातलं की

∫ (ग′² − (न−१)ग²/र²) र^(न−१) डर

हे ऋण होऊ शकतं का, एवढाच प्रश्न. पुन्हा ट मध्ये या, आणि ग = e^(−(न−२)ट/२) · घ असं लिहा. टोकांना घ शून्य असेल तर उरतं:

∫ (घ चा बदलदर)² − ω²घ², जिथे ω² = (न−१) − (न−२)²/४

हीच हार्डी असमानता, फक्त सोप्या वेशात. ω² ऋण किंवा शून्य असेल तर काहीही केलं तरी हे ऋण होत नाही. ω² धन असेल तर ट च्या पट्टीवर π/ω पेक्षा लांब जागा मिळाली की घ = साइन घेऊन ते ऋण करता येतं. ω² चं चिन्ह न² − ८न + ८ च्या उलट आहे, त्याचं मोठं मूळ ४ + २√२ = ६.८३. म्हणून न = ३ ते ६ ला इक्वेटर मॅप अस्थिर, न = ७ पासून पुढे स्थिर. १९८३ मध्ये येगर आणि काउल यांनी न ≥ ७ ला तो नुसता स्थिर नाही तर सर्व मॅपमध्ये लघुतम आहे, हे सिद्ध केलं. लंबकाच्या भाषेत: सातपासून घर्षण इतकं जास्त की फ कधी π/२ ओलांडतच नाही, फक्त जवळ जात राहतो. न = ७ ला जवळ जाण्याचे दर −२ आणि −३ येतात, ते हाताने काढून प्रोग्रामशी ताडून बघा.

तीन ते सहासाठी हे आकडे जवळ ठेवा. पहिला आकडा लागोपाठच्या दोन छेदांमधल्या त्रिज्यांचं प्रमाण, e^(π/ω). दुसरा, प प्रत्येक छेदाला किती पट होतो. दोन्ही π/२ जवळच्या रेषीय समीकरणातून आलेले आहेत, त्यामुळे पहिल्या एक-दोन छेदांना थोडा फरक दिसेल.

न = ३: १०.७५ आणि ०.३०५
न = ४: ९.२२ आणि ०.१०८
न = ५: १०.७५ आणि ०.०२८
न = ६: २३.१४ आणि ०.००१९

न = ६ ची ओळ पुन्हा वाचा. दुसऱ्या छेदापाशी प पहिल्याच्या दोन हजारांशाहून लहान. टॉलरन्स १०^(−३) ठेवला तर हा छेद दिसणारच नाही, किंवा नसलेले छेद दिसतील, आणि तुम्ही सहा डायमेंशनमध्येच इक्वेटर मॅप टिकतो असं लिहून मोकळे व्हाल.

याच आकड्यांमधून जाळीची मोठी अडचण कळते. न = ३ ला ऊर्जा खाली आणणारा धक्का आतल्या त्रिज्येपासून बाहेरच्या त्रिज्येपर्यंत १०.७५ पटींपेक्षा जास्त पसरलेला असावा लागतो. र ची सरळ जाळी घेतली आणि पहिला बिंदू ०.१ वर असेल तर १ पर्यंत दहाच पट जागा मिळते. अशा जाळीवर अस्थिर मॅप ठाम उभा राहतो. चूक प्रोग्रामची नसते, जाळीत तो धक्का मावतच नाही. ट मध्ये समान अंतर घेतलं तर शंभर बिंदूंत e^(१०), म्हणजे बावीस हजार पट जागा बसते.

पाचवं काम: लघुतम सिद्ध करणं

आता तोच क्ष/|क्ष| पण बाण चार डायमेंशनमध्ये नव्हे, तीनमध्ये, नेहमीच्या गोलावर. ऊर्जा तीच, ४π. पण या वेळी तो सर्वांत स्वस्त आहे. वर उचलायला चौथी दिशाच उरली नाही. तोंडी परीक्षेला हा प्रश्न हमखास विचारण्यासारखा आहे: सूत्र एक, ऊर्जा एक, एका ठिकाणी अस्थिर आणि दुसऱ्या ठिकाणी लघुतम, कसं? न = ३ चं उत्तर ब्रेझिस, कोरोन आणि लीब यांनी १९८६ मध्ये दिलं. दुसऱ्याच वर्षी फांगहुआ लिन यांनी न ≥ ३ साठी अगदी आखूड सिद्धता दिली. न = ३ ला ती पूर्ण लिहिण्याजोगी आहे.

अ = ∇म हा ३×३ मॅट्रिक्स घ्या. |म| = १ असल्यामुळे म च्या दिशेने बदल शून्य. अक्ष असे फिरवा की तिसरा अक्ष म च्या दिशेने येईल. मग तिसरी ओळ शून्य, आणि (ट्रेस अ)² − ट्रेस(अ²) = २(अ₁₁अ₂₂ − अ₁₂अ₂₁). आता २अ₁₁अ₂₂ ≤ अ₁₁² + अ₂₂², आणि दुसऱ्या जोडीचंही तसंच. म्हणून

|∇म|² ≥ (डाइव्ह म)² − ट्रेस((∇म)²)

उजवी बाजू नल लाग्रांजियन आहे: ती म·डाइव्ह म − (म·∇)म या व्हेक्टरचा डायव्हर्जन्स आहे, आणि सीमेवर त्यात फक्त सीमेलगतचे डेरिव्हेटिव्ह उरतात. म्हणून सीमेवर म = क्ष असलेल्या प्रत्येक मॅपसाठी तिचा इंटिग्रल सारखाच. तो क्ष/|क्ष| वरून काढा: सीमेवर डाइव्ह म = २, (म·∇)म = ०, पृष्ठभाग ४π, एकूण ८π. त्याचं अर्धं ४π. क्ष/|क्ष| ची ऊर्जा नेमकी ४π आहे, म्हणजे त्याच्याखाली कोणीच जाऊ शकत नाही. कुठेही सममिती गृहीत धरलेली नाही, सिद्धतेचं वजन त्यातच आहे. म केंद्रात तुटलेला असताना डायव्हर्जन्सचं प्रमेय चालतं का, हा प्रश्न मार्गदर्शक विचारतील. र = ε चा छोटा गोळा काढून टाका; त्याच्या पृष्ठभागावर व्हेक्टरची लांबी २/ε, क्षेत्रफळ ४πε², गुणाकार ε बरोबर शून्याकडे जातो.

चकतीतली वर्ग पूर्ण करण्याची युक्ती आणि ही युक्ती आतून एकच आहेत. नवीन सममित मॅप लघुतम वाटत असेल तर आधी असा नल लाग्रांजियन शोधा. सापडला नाही तर सहाव्या कामाने तो पाडायचा प्रयत्न करा.

सहावं काम: सममिती सोडून संगणकाने पाडून बघणं

पॅले यांच्या तत्त्वामुळे (१९७९) सममित मॅपमध्ये क्रिटिकल असलेला मॅप एकूण मॅपमध्येही क्रिटिकल असतो. लघुतमपणाबद्दल ते तत्त्व गप्प आहे. म्हणून पूर्ण तीन डायमेंशनची जाळी लागते.

प्रत्येक बाजूला ४० बिंदू घ्या, −१ ते १. एकूण ६४,००० बिंदू, तीन घटकांना दीड एमबीच लागतात, त्यामुळे मेमरीची काळजी नाही. संख्या सम घ्या म्हणजे केंद्र कोणत्याही बिंदूवर पडत नाही आणि शून्याने भागाकार टळतो. |क्ष| १ पेक्षा मोठा असलेले बिंदू गोठवून ठेवा. पायरी अशी: शेजाऱ्यांच्या फरकांची बेरीज काढून तिला जाळीच्या अंतराच्या वर्गाने भागा, तिच्यातला म च्या दिशेचा भाग वजा करा, उरलेल्याला छोट्या पायरीने गुणून म मध्ये मिळवा, मग लांबी पुन्हा १ करा. पायरी जाळीच्या अंतराच्या वर्गाच्या एक षष्ठांशाहून कमी ठेवा. अंतर ०.०५१३ आहे, म्हणून ०.०००४. त्यापेक्षा जास्त ठेवली की शेजारचे बाण आलटून पालटून उलटे व्हायला लागतात.

म च्या दिशेचा भाग वजा करणं ऐच्छिक नाही. तो काढल्यामुळे मिळवलेला बाण म ला लंब असतो आणि नवी लांबी १ पेक्षा कमी होऊच शकत नाही. १ पेक्षा लांब बाण गोलावर ओढून आणले की त्यांच्यातली अंतरं वाढत नाहीत, म्हणून लांबी १ करताना ऊर्जा चढत नाही. आलूज यांच्या पद्धतीचा पाया हाच आहे. हे न करता नुसतं भागलं तर ऊर्जेचा आलेख मध्येच वर उसळी घेतो आणि कारण सापडत नाही.

सर्वांत मोठी चूक मात्र सुरुवातीत होते. सममित मॅपने सुरुवात केली तर ग्रेडियंट डिसेंट सममितीतून बाहेर पडत नाही. कितीही पायऱ्या चालवा, तो तिथेच बसून राहील आणि तुम्हाला वाटेल की लघुतम सापडला. सुरुवातीला प्रत्येक बाणाला ०.०१ च्या आसपासचा रँडम धक्का द्या. इक्वेटर मॅप तपासत असाल तर चौथ्या घटकालाही द्या, नाहीतर तो कायम शून्य राहतो.

यासाठी उत्तम परीक्षा म्हणजे डिग्री दोन, म्हणजे सीमेवरचे बाण सगळा गोल दोनदा झाकतात. गोळ्याच्या सीमेवर अक्षाभोवतीचा कोन दुप्पट करा, आणि ध्रुवापासूनचा कोन असा बदला की नव्या कोनाच्या निम्म्याचा टॅन हा जुन्याच्या निम्म्याच्या टॅनचा वर्ग असेल. तीच दिशा आतपर्यंत र वर अवलंबून न ठेवता भरली की केंद्रात डिग्री दोनचा तुटलेला बिंदू असलेला क्रिटिकल मॅप मिळतो, ऊर्जा ८π = २५.१३. ब्रेझिस, कोरोन आणि लीब यांच्या निकालानुसार लघुतम मॅपच्या तुटलेल्या बिंदूंची डिग्री फक्त +१ किंवा −१ असते, म्हणून हा मॅप लघुतम असूच शकत नाही. पण अक्षाभोवतीची सममिती धरून ठेवली तर अक्षावरच्या बिंदूची डिग्री ० किंवा ±२ असते, त्यामुळे त्या चौकटीत राहून तो डिग्री एकच्या दोन बिंदूंमध्ये फुटू शकत नाही. रँडम धक्का दिला की फुटतो, आणि दोन्ही बिंदू अक्षापासून विरुद्ध बाजूंना सरकतात.

तुटलेले बिंदू डोळ्यांनी शोधू नका. जाळीच्या प्रत्येक छोट्या घनाच्या सहा बाजू बारा त्रिकोणांत कापा, प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवरचे बाण अ, ब, क घ्या आणि गोलावरचा घनकोन काढा: त्याच्या निम्म्याचा टॅन = अ·(ब×क) भागिले (१ + अ·ब + ब·क + क·अ). आर्कटॅनची दोन इनपुटवाली आवृत्ती वापरा, कारण छेद ऋण होऊ शकतो. सगळ्या त्रिकोणांची दिशा बाहेरच्या बाजूने सारखी ठेवली असेल तर बेरीज भागिले ४π नेहमी पूर्णांक येते. अपूर्णांक आला तर एखाद्या त्रिकोणाचा क्रम उलटा पडला आहे.

ऊर्जेचा आकडा देताना जपून. डिग्री एकच्या बिंदूभोवती र त्रिज्येत ४πर ऊर्जा असते, आणि जाळी एका खणाच्या आतलं नीट मोजू शकत नाही. ४० च्या जाळीवर ही चूक पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणून ४० आणि ८० अशा दोन जाळ्या चालवा आणि अंतराच्या प्रमाणात रेषेने शून्यापर्यंत वाढवून आकडा घ्या. बिंदूंची जोडी कोणत्या दिशेला सरकेल हे रँडम धक्का ठरवतो. वेगवेगळ्या सीडने चार-पाच वेळा चालवा. जोडी प्रत्येक वेळी जाळीच्या अक्षांना किंवा कर्णांनाच धरून जात असेल, तर ती दिशा गणिताची नाही, घनाकार जाळीची आहे.